रास्पबेरी पायवर पायथनच्या लायब्ऱ्या बसत नसतील तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

प्रश्नकर्त्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. त्यांच्याकडे २ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक-बोर्ड असून कार्डावर रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात हरितगृहातील तापमान व आर्द्रता डीएचटी२२ सेन्सरने मोजायची आहे आणि कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रांवरून रोगट पाने ओळखायची आहेत. २०२० सालच्या एका मार्गदर्शिकेतील कमांड जशाच्या तशा चालवल्यावर पिपने (पायथनच्या लायब्ऱ्या बसवणाऱ्या साधनाने) ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट’ असे सांगून काम थांबवले. मग कोणीतरी सुचवलेला ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय जोडून त्यांनी लायब्ऱ्या रेटून बसवल्या. तेव्हापासून आधी व्यवस्थित चालणारा कॅमेऱ्याचा प्रोग्राम ‘नम्पाय डीटाइप साइझ चेंज्ड’ अशी तक्रार करून बंद पडतो, सेन्सरच्या लायब्ररीला बोर्ड ओळखता येत नाही, टेन्सरफ्लो ही मशीन लर्निंगची लायब्ररी ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड’ म्हणून बसतच नाही आणि ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी स्वतः कंपाइल करण्याचा, म्हणजे मूळ कोडवरून बनवण्याचा, प्रयत्न ‘किल्ड’ या एका शब्दावर संपतो. ‘युनेम’ कमांड ‘एआर्क६४’ असे उत्तर देते, म्हणजे प्रणाली ६४-बिट आहे, असेही त्यांनी कळवले आहे. कार्ड पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी का, हा त्यांचा प्रश्न.

कार्ड पुसून पुन्हा त्याच कमांड त्याच क्रमाने दिल्या, तर माणूस थोड्याच वेळात त्याच जागी येऊन थांबतो. म्हणून आधी निदान करावे आणि पुसण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा. या चार एररांची कारणे वेगवेगळी असली तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जी लायब्ररी बसवायची आहे ती कोणत्या प्रोसेसरसाठी, कोणत्या पायथनसाठी आणि कोणत्या डेबियनसाठी (रास्पबेरी पाय ओएस जिच्यावर बेतलेली आहे ती लिनक्स प्रणाली) तयार झाली आहे, हे न पाहता ती मागवली गेली. लॅपटॉपवर हा प्रश्न सहसा जाणवत नाही, कारण तेथील प्रोसेसरसाठी जवळपास प्रत्येक लायब्ररी आधीच तयार करून ठेवलेली असते. छोट्या बोर्डावर मात्र ही जुळणी आपल्यालाच पाहावी लागते. (कमांड आणि पॅकेजांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.)

पहिली तपासणी बिटांची. येथे एक फसगत होते आणि आपल्या बाबतीतही ती झालेली असण्याची दाट शक्यता आहे. ‘युनेम’ ही कमांड फक्त कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कोणत्या प्रकारचा आहे ते सांगते. २०२३ पासून रास्पबेरी पाय ४ वर, कार्डावरील प्रणाली ३२-बिट असली तरीही, कर्नल ६४-बिट चढतो. त्यामुळे ‘युनेम’चे उत्तर ‘एआर्क६४’ येते आणि माणूस समजतो की आपली सगळी प्रणाली ६४-बिट आहे, प्रत्यक्षात पायथन आणि बाकीचा सगळा संच ३२-बिट असतो. खरे उत्तर हवे असेल तर ‘डीपीकेजी’ कमांडला ‘प्रिंट-आर्किटेक्चर’ हा पर्याय द्यावा. ‘आर्मएचएफ’ आले तर प्रणाली ३२-बिट आणि ‘आर्म६४’ आले तर ६४-बिट. टेन्सरफ्लोची तयार पॅकेजे पायपीआयवर (पायथन लायब्ऱ्यांच्या सार्वजनिक भांडारात) ६४-बिट एआरएमसाठी आहेत, ३२-बिटसाठी नाहीत. म्हणजे ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड’ हा एरर नेटवर्कचा नाही आणि पिप जुना असल्याचाही नाही. मागितलेली वस्तू त्या नावाने, त्या प्रोसेसरसाठी आणि त्या पायथनसाठी अस्तित्वातच नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो आल्यावर पिप पुन्हा पुन्हा अपग्रेड करत बसण्यात हशील नाही.

दुसरी तपासणी आवृत्तीची. ‘/इटीसी/ओएस-रिलीज’ ही फाइल उघडली की नाव दिसते. २०२१ अखेर आलेली बुलसाय म्हणजे डेबियन ११, तिच्यात पायथन ३.९, ऑक्टोबर २०२३ मधील बुकवर्म म्हणजे डेबियन १२, तिच्यात ३.११, आणि २०२५ मधील ट्रिक्सी म्हणजे डेबियन १३, तिच्यात ३.१३. हे आकडे लक्षात ठेवण्याचे कारण असे की तयार पॅकेज पायथनच्या एका ठरावीक आवृत्तीसाठीच बनलेले असते. उदाहरणार्थ, टेन्सरफ्लोचे हलके रूप असलेल्या ‘टीएफलाइट-रनटाइम’ची तयार पॅकेजे पायथन ३.११ पर्यंतच आहेत. तीच कमांड बुकवर्मवर चालेल आणि ट्रिक्सीवर अडेल, आणि दोन्ही ठिकाणी दोष कमांडचा नसेल. २०२० ची मार्गदर्शिका बस्टर आवृत्तीच्या काळातली आहे, म्हणजे तिच्यात पायथन ३.७ गृहीत धरलेला आहे. तिच्यातील तर्क उपयोगी पडेल, पण कमांड जशाच्या तशा उतरवू नयेत.

आता लायब्ररी येते कोठून, याकडे वळू, कारण खरी गुंतागुंत येथे आहे. पायवर पायथनची लायब्ररी तीन ठिकाणांहून येऊ शकते. पहिले ठिकाण ॲप्ट, म्हणजे प्रणालीचे स्वतःचे भांडार. येथील पॅकेजे एकमेकांशी जुळवून, एकाच वेळी तयार केलेली असतात. आवृत्ती थोडी जुनी असते, पण ती बसते आणि चालते. दुसरे ठिकाण पायपीआय, जेथे लायब्ररीचे लेखक स्वतः पॅकेजे ठेवतात. तेथे ६४-बिट एआरएमसाठी तयार पॅकेजे आता बऱ्यापैकी मिळतात, ३२-बिटसाठी अगदी क्वचित. ही उणीव भरून काढण्यासाठी तिसरे ठिकाण उभे राहिले, ते पायव्हील्स. पायपीआयवरील लायब्ऱ्या ३२-बिट रास्पबेरी पायसाठी कंपाइल करून तेथे ठेवल्या जातात, आणि रास्पबेरी पाय ओएसमधील पिपच्या ‘/इटीसी/पिप.कॉन्फ’ या फाइलमध्ये त्याचा पत्ता आधीच लिहिलेला असतो. या तयार पॅकेजांना ‘व्हील’ म्हणतात. व्हील मिळाले तर काम मिनिटाभरात होते. ते मिळाले नाही तर पिप मूळ सोर्स उतरवून घेऊन आपल्या बोर्डावर कंपाइल करायला बसतो, आणि आपल्याला दिसणाऱ्या लांबलचक लाल एररांपैकी बहुतांश येथे जन्माला येतात.

म्हणून माझा पहिला व्यावहारिक सल्ला असा की कोणतीही मोठी लायब्ररी पिपने मागवताना ‘ओन्ली-बायनरी’ हा पर्याय देऊन त्याला ‘ऑल’ ही किंमत, शब्दाच्या दोन्ही बाजूंना कोलन (:) लावून, द्यावी. असे केल्यावर पिप कंपाइल करण्याच्या फंदात पडत नाही. व्हील असेल तर बसवतो, नसेल तर लगेच नकार देतो. रात्रभर बोर्ड तापवून सकाळी नकार मिळण्यापेक्षा तो पाच सेकंदांत मिळालेला बरा. सर्वांत नव्या आवृत्तीचा आग्रह नसेल तर ‘प्रिफर-बायनरी’ द्यावे. त्यामुळे व्हील उपलब्ध असलेली थोडी जुनी आवृत्ती निवडली जाते. आपल्या पायथनला कोणत्या प्रकारची व्हील्स चालतात याची पूर्ण यादी हवी असल्यास ‘पिप डीबग’ कमांड ‘व्हर्बोज’ पर्यायासह चालवावी.

जुना पाय १ किंवा पाय झिरो वापरणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. या बोर्डांचा प्रोसेसर एआरएमव्ही६ प्रकारचा आहे. डेबियनची आर्मएचएफ पॅकेजे मात्र एआरएमव्ही७ गृहीत धरून कंपाइल केलेली असतात. याच कारणाने २०१२ मध्ये सगळे डेबियन एआरएमव्ही६ साठी नव्याने कंपाइल करून रॅस्पबियन तयार करावे लागले, आणि आजही रास्पबेरी पाय ओएसच्या ३२-बिट रूपाचा पाया तेच आहे. कोणी हौसेने भांडारांच्या यादीत डेबियनचा मूळ पत्ता घातला, तर दोन्हींकडे आर्किटेक्चरचे नाव ‘आर्मएचएफ’ हेच असल्यामुळे ॲप्टला फरक कळत नाही. पॅकेज विनातक्रार बसते, आणि चालवल्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढे म्हणून प्रोग्राम कोसळतो. हा एरर दिसला की लायब्ररीचा कोड तपासण्याऐवजी ती कोणत्या प्रोसेसरसाठी बनली आहे ते तपासावे.

आता ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ या अडथळ्याकडे येतो. तो बिघाड नसून मुद्दाम घातलेले कुंपण आहे. प्रणालीतील अनेक साधने त्याच पायथनवर चालतात, आणि पिपने त्यांच्या लायब्ऱ्या परस्पर बदलल्या तर ती मोडतात. म्हणून पायथनच्या ‘पेप ६६८’ या ठरावानुसार डेबियन १२ पासून प्रणालीच्या पायथनमध्ये पिपने काही बसवण्यास मनाई आहे. त्यावरचा सरळ मार्ग म्हणजे प्रकल्पासाठी वेगळे आभासी पर्यावरण तयार करणे, ज्याला रोजच्या बोलण्यात ‘व्हीएन्व्ह’ म्हणतात. ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ या पर्यायाच्या नावातच धोक्याचा इशारा आहे. तरीही इंटरनेटवर तो औषधासारखा वाटला जातो, याचे मला नेहमी नवल वाटते.

हा पर्याय देऊन केलेले काम नेमके कोठे जाते, हे समजले की आपल्या नम्पायच्या (आकडेमोडीच्या लायब्ररीच्या) एररचा उलगडा होतो. ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणे) न देता बसवलेल्या लायब्ऱ्या आपल्या होम फोल्डरमधील लपलेल्या ‘.लोकल’ फोल्डरात जातात. ‘सुडो’ देऊन बसवलेल्या ‘/यूएसआर/लोकल’खाली जातात. ॲप्टच्या लायब्ऱ्या ‘/यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस’मध्ये असतात. पायथन शोध घेताना आधी ‘.लोकल’ पाहतो, मग ‘/यूएसआर/लोकल’ आणि शेवटी ॲप्टची जागा. म्हणजे ॲप्टने बसवलेले नम्पाय जागच्या जागी शाबूत असते, पण त्याच्या पुढे पिपचे नम्पाय येऊन उभे राहते. बुकवर्मच्या भांडारातील नम्पाय १.२४ आहे. जून २०२४ मध्ये नम्पाय २.० आले आणि त्यात आतील रचनांचे आकार बदलले. पायकॅमेरा२ ही कॅमेऱ्याची पायथन लायब्ररी ज्या ‘सिंपलजेपेग’ लायब्ररीवर अवलंबून आहे ती ॲप्टकडून आलेली, नम्पाय १ च्या आकारांवर कंपाइल झालेली आहे. तिला समोर नम्पाय २ दिसते आणि ती ‘९६ अपेक्षित होते, ८८ मिळाले’ असे सांगून थांबते. या एररमध्ये कॅमेऱ्याचा, त्याच्या केबलचा किंवा आपल्या प्रोग्रामचा काहीही संबंध नाही. केबल काढून पुन्हा लावण्यात अनेकांचा दिवस जातो, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे.

खात्री करण्यासाठी पायथन उघडून नम्पाय इम्पोर्ट करावे आणि त्याचा ‘फाइल’ हा गुणधर्म, म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा असलेला, छापून पाहावा. मार्गात ‘.लोकल’ किंवा ‘/यूएसआर/लोकल’ दिसले तर निदान पक्के. मग ‘पिप लिस्ट’ला ‘यूझर’ पर्याय देऊन होम फोल्डरमध्ये काय काय साचले आहे ते पाहावे आणि पिपनेच ते काढावे. काढतानाही तोच मनाई मोडणारा पर्याय द्यावा लागतो, आणि त्याचा हा एक उपयोग मला मान्य आहे. ॲप्टच्या फोल्डरातील फाइली हाताने पुसू नयेत. तेथे गडबड झाल्याची शंका असल्यास ॲप्टला ‘रीइन्स्टॉल’ करण्यास सांगावे.

साफसफाई झाल्यावर व्हीएन्व्ह तयार करताना ‘सिस्टिम-साइट-पॅकेजेस’ हा पर्याय द्यायला विसरू नये. पायकॅमेरा२ हे लिबकॅमेरा या प्रणालीतील कॅमेरा-लायब्ररीवर बसलेले आहे आणि ते ॲप्टमधून घेण्यातच शहाणपण आहे. हा पर्याय दिला नाही, तर व्हीएन्व्हच्या आतून पायकॅमेरा२ दिसतच नाही आणि ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ हा नवा एरर सुरू होतो. पर्याय दिला की ॲप्टच्या लायब्ऱ्या आत दिसतात आणि पिपने बसवलेल्या नव्या लायब्ऱ्या फक्त त्या व्हीएन्व्हपुरत्या राहतात. येथे एक बारकावा आहे: या पर्यायामुळे ‘.लोकल’ फोल्डरदेखील आत दिसू लागतो. म्हणूनच आधी तो साफ करण्याचा आग्रह. दुसरे असे की ओपनसीव्हीची नवी आवृत्ती पिपने मागवली तर ती स्वतःबरोबर नम्पाय २ ओढून आणू शकते आणि सगळे पुन्हा पहिल्या जागी येते. त्यापेक्षा ‘पायथन३-ओपनसीव्ही’ हे ॲप्टचे पॅकेज घ्यावे. पानांचे रंग वेगळे काढणे, कडा शोधणे, चित्राचा आकार बदलणे यांसाठी त्यातील आवृत्ती पुरेशी आहे. पिपने दुसरे काही बसवताना मर्यादा म्हणून ‘नम्पाय २ पेक्षा लहान’ ही अट त्याच कमांडमध्ये लिहावी. ती अवतरणचिन्हांत लिहावी लागते, नाहीतर शेल ‘पेक्षा लहान’ या चिन्हाचा अर्थ फाइल वाचण्याची सूचना असा घेते.

व्हीएन्व्ह तयार केल्यावरही ‘लायब्ररी बसवली, पण सापडत नाही’ अशी तक्रार येते, आणि त्यामागे बहुधा ‘सुडो’ असतो. ‘सुडो पायथन’ म्हटले की चालू केलेले व्हीएन्व्ह बाजूला पडते आणि प्रणालीचा पायथन चालतो. जीपीआयओ, म्हणजे बोर्डावरील जोडणीच्या पिना, वापरण्यासाठी सामान्यतः ‘सुडो’ लागत नाही. वापरकर्ता ‘जीपीआयओ’ या गटात असला की पुरते. तो खरोखरच लागत असेल, किंवा प्रोग्राम क्रॉन अथवा सिस्टिमडीमधून आपोआप सुरू करायचा असेल, तर व्हीएन्व्हमधील ‘बिन’ फोल्डरातील पायथनचा पूर्ण मार्ग लिहावा. ‘ॲक्टिव्हेट’ करण्याची मग गरजच उरत नाही. थॉनी या पायथनच्या संपादकामध्ये काम करणाऱ्यांनी ‘कॉन्फिगर इंटरप्रिटर’मध्ये जाऊन हाच मार्ग द्यावा.

आता सेन्सर. आपल्या मार्गदर्शिकेतील ‘ॲडाफ्रूट-डीएचटी’ ही लायब्ररी तिच्या निर्मात्यांनी केव्हाच मोडीत काढली आहे. ती बसताना ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ फाइलमध्ये प्रोसेसरचे नाव शोधून बोर्ड ओळखते, आणि त्या यादीत नवे बोर्ड नाहीत. इंटरनेटवर तिच्यातील फाइलीत एक ओळ वाढवण्याचा किंवा ‘फोर्स-पाय’ देण्याचा उपाय सापडतो. तो चालतोही, पण मेलेल्या लायब्ररीवर प्रकल्प उभा करण्यात अर्थ नाही. तिची जागा ‘ॲडाफ्रूट-सर्किटपायथन-डीएचटी’ने घेतली आहे, ती व्हीएन्व्हमध्ये पिपने बसवावी आणि तिला लागणारे ‘लिबजीपीआयओडी२’ ॲप्टने. ती अधूनमधून ‘चेकसम’ जुळला नाही असे सांगेल. त्याला बसवण्यातील चूक समजू नये: डीएचटीचे संकेत मायक्रोसेकंदांत मोजावे लागतात, लिनक्स त्या वेळी दुसऱ्या कामात गुंतलेले असू शकते, आणि म्हणून काही वाचने वाया जातात. प्रोग्राममध्ये एरर पकडून दोन सेकंदांनी पुन्हा वाचावे.

खरे तर डीएचटी२२ साठी पायथनची कोणतीही लायब्ररी अनिवार्य नाही, आणि हा मार्ग फारसा कोणी सांगत नाही. लिनक्स कर्नलमध्येच या सेन्सरचा ड्रायव्हर आहे. ‘/बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी’ या फाइलमध्ये ‘डीटीओव्हरले’ म्हणून ‘डीएचटी११’ आणि त्यापुढे ‘जीपीआयओपिन’ची संख्या लिहावी (नाव ११ चे असले तरी २२ देखील त्यातच येतो) आणि बोर्ड पुन्हा सुरू करावा. त्यानंतर ‘/सिस/बस/आयआयओ/डिव्हायसेस’ या फोल्डरात सेन्सर दिसतो आणि तापमान व आर्द्रता साध्या फाइलींतून वाचता येतात. आकडे हजारपट असतात, म्हणजे २७४०० चा अर्थ २७.४ अंश. वाचन येथेही कधी फसते, पण पायथनची आवृत्ती बदलली, व्हीएन्व्ह मोडले, तरी हा मार्ग चालू राहतो. हरितगृहात महिनोन्महिने चालायच्या यंत्रासाठी मी हाच निवडेन.

पुढे कधी पाय ५ घेतलात तर तेथे ‘आरपीआय.जीपीआयओ’ ही सर्वपरिचित लायब्ररी चालणार नाही. त्या बोर्डावर पिनांचे नियंत्रण मुख्य प्रोसेसरकडून आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेले आहे, आणि ही लायब्ररी जुन्या प्रोसेसरच्या मेमरीतील पत्त्यांना थेट हात घालत असे. ‘आरपीआय-एलजीपीआयओ’ ही तिची जागा घेणारी लायब्ररी आहे. दोन्ही एकाच नावाने इम्पोर्ट होत असल्यामुळे आधी जुनी काढावी, मग नवी बसवावी.

कंपाइल करण्याबद्दल. आपल्या प्रकल्पाला ओपनसीव्ही कंपाइल करण्याची मुळीच आवश्यकता नाही, हे वर आलेच. तरी एखादी लहान लायब्ररी कंपाइल करावी लागते, तेव्हा एरर वाचण्याची एक पद्धत लक्षात ठेवावी. पिप शेवटी जे छापतो, ‘फेल्ड बिल्डिंग व्हील’ वगैरे, ती केवळ सांगता असते. वर सरकत जावे आणि जेथे पहिल्यांदा ‘एरर’ किंवा ‘फेटल एरर’ दिसेल ती ओळ वाचावी. ‘पायथन.एच’ सापडली नाही असे असेल तर ‘पायथन३-डेव्ह’ हवे; ‘एफएफआय.एच’ असेल तर ‘लिबएफएफआय-डेव्ह’. ओपनएसएसएलची एखादी फाइल असेल तर ‘लिबएसएसएल-डेव्ह’. इतर कोणतीही हेडर फाइल कोणत्या पॅकेजात आहे हे ‘ॲप्ट-फाइल’ हे साधन सांगते. ‘क्रिप्टोग्राफी’ ही लायब्ररी २०२१ मधील ३.४ आवृत्तीपासून रस्ट कंपायलर मागते. तेथे रस्ट बसवत बसण्यापेक्षा व्हील मिळवावे किंवा ॲप्टची ‘पायथन३-क्रिप्टोग्राफी’ घ्यावी.

व्हील बसले पण इम्पोर्ट करताना एखादी ‘.एसओ’ फाइल उघडता आली नाही, हा वेगळा प्रकार आहे. पायव्हील्सचे नम्पाय बसते आणि ‘लिबओपनब्लास.एसओ.०’ सापडत नाही म्हणते, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पायपीआयची व्हील्स लागणाऱ्या लायब्ऱ्या सहसा स्वतःच्या पोटात घेऊन येतात, पायव्हील्सची मात्र प्रणालीतील लायब्ऱ्यांवर विसंबतात. पायव्हील्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक लायब्ररीच्या पानावर ॲप्टने काय बसवावे हे लिहिलेले असते. तेथे पाहावे, किंवा त्या ‘.एसओ’ फाइलीवर ‘एलडीडी’ चालवून ‘नॉट फाउंड’ असलेली नावे टिपावीत.

‘किल्ड’ हा शब्द कंपायलरचा नसून कर्नलचा असतो. मेमरी संपली की कर्नल सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारतो. ‘डीमेसेज’ची शेवटची पाने पाहिली की ‘आउट ऑफ मेमरी’ ही नोंद सापडते. दोन जीबी रॅमवर चार कंपायलर एकाच वेळी चालवले की मोठ्या सी++ लायब्ररीत हे होणारच. ‘मेक’ला एकाच वेळी एकच काम करू देणे, म्हणजे ‘जे’ पर्यायाला १ देणे, हा पहिला उपाय. दुसरा उपाय स्वॅप, म्हणजे रॅमला जोड म्हणून वापरली जाणारी कार्डावरील जागा, वाढवण्याचा: बुकवर्मपर्यंत ‘/इटीसी/डीफिज-स्वॅपफाइल’ या फाइलीत ‘कॉन्फ_स्वॅपसाइझ’ची किंमत काही काळापुरती २०४८ करावी, सेवा पुन्हा सुरू करावी आणि काम संपल्यावर पूर्ववत करावी, कारण सततच्या लेखनाने कार्ड झिजते. डेबियन १३ मध्ये आणखी एक गोष्ट बदलली आहे. तेथे ‘/टेम्प’ फोल्डर कार्डावर नसून रॅममध्ये असतो आणि त्याला रॅमच्या निम्म्यापर्यंतच जागा मिळते. त्यामुळे ३२ जीबीच्या कार्डावर २० जीबी मोकळे असूनही ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येऊ शकते. ‘टेम्पडिर’ या चलाला होम फोल्डरमधील एखाद्या फोल्डराचा मार्ग दिला की ते सुटते.

ॲप्टच्या अडचणी तुलनेने सरळ असतात. ‘रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही’ असे आले, किंवा पिप एसएसएल प्रमाणपत्राबद्दल कुरकुरू लागला, तर आधी ‘डेट’ पाहावे. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, आणि पाय ५ वर घड्याळ आहे पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. बोर्ड वेळ इंटरनेटवरून घेतो. पुष्कळ महाविद्यालयांच्या नेटवर्कमध्ये वेब चालते पण वेळ देणारी एनटीपी सेवा बंद ठेवलेली असते. मग बोर्डाचे घड्याळ मागच्या वेळी बंद झाल्याच्या क्षणापासूनच पुढे चालू लागते आणि मागे राहते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडले की अडचण नाहीशी होते आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो. ‘लॉक मिळाले नाही’ असे आले तर पार्श्वभूमीवर दुसरे अपडेट चालू आहे. पाचदहा मिनिटे थांबावे, लॉकची फाइल पुसू नये. ‘सूट’ बदलून ‘ओल्डस्टेबल’ झाला अशी सूचना आली तर ‘ॲप्ट-गेट अपडेट’ला ‘अलाउ-रिलीजइन्फो-चेंज’ हा पर्याय द्यावा.

बसवता बसवता वीज गेली तर पॅकेजे अर्धवट राहतात. भारनियमनाच्या भागांत हे वरचेवर घडते. तेव्हा ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय द्यावेत, त्यानंतर ‘ॲप्ट’ला ‘फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ सांगावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. मात्र उतरवलेल्या फाइलींचा ‘हॅश’ वारंवार जुळत नसेल, किंवा ‘इनपुट-आउटपुट एरर’ येत असेल, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडून वीजपुरवठा आणि कार्ड तपासावे. ‘व्हीसीजेनकमांड’ला ‘गेट_थ्रॉटल्ड’ विचारल्यावर उत्तर ‘०एक्स०’ आले तर ठीक. ‘०एक्स५०००५’ आले तर या क्षणी व्होल्टेज कमी पडते आहे. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक केबल यांवर बोर्ड सुरू होतो खरा, पण कंपाइल करण्याचा भार आला की डळमळतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर. ‘डीपीकेजी’चे उत्तर ‘आर्मएचएफ’ आले तर आपण कार्ड पुसावे, पण प्रणाली बिघडली म्हणून नव्हे, तर आपल्या कामासाठी ६४-बिट प्रणाली सोयीची म्हणून. पाय ४ वर ती चालते आणि ३२-बिटची प्रणाली जागच्या जागी ६४-बिट करता येत नाही. रास्पबेरी पाय इमेजरमधून बुकवर्मचे ६४-बिट रूप निवडावे. ट्रिक्सी आल्यापासून ते ‘लेगसी’ या नावाखाली असते. ट्रिक्सीचा मोह या प्रकल्पापुरता टाळावा, कारण वर सांगितल्याप्रमाणे ‘टीएफलाइट-रनटाइम’ पायथन ३.१३ साठी नाही. उत्तर ‘आर्म६४’ आले तर पुसण्याची गरज नाही, ‘.लोकल’ आणि ‘/यूएसआर/लोकल’ साफ करून पुढे जावे.

मग क्रम असा ठेवावा: वेळ आणि वीजपुरवठा तपासणे, ‘ॲप्ट’ने अपडेट व फुल-अपग्रेड, त्यानंतर ॲप्टनेच पायकॅमेरा२ आणि ओपनसीव्ही. येथे थांबून कॅमेऱ्याचा एक छोटा प्रोग्राम चालवून पाहावा. तो चालला की ‘सिस्टिम-साइट-पॅकेजेस’सह व्हीएन्व्ह तयार करावे आणि त्यात ‘टीएफलाइट-रनटाइम’ व नम्पायची मर्यादा एकाच कमांडमध्ये द्यावी. संपूर्ण टेन्सरफ्लो बोर्डावर आणू नये. मॉडेल शिकवण्याचे काम लॅपटॉपवर करावे आणि तयार झालेली ‘.टीएफलाइट’ फाइल तेवढी बोर्डावर ठेवावी. प्रत्येक लायब्ररी बसवल्यावर कॅमेऱ्याचा तोच प्रोग्राम पुन्हा चालवावा, म्हणजे मोडणारी पायरी तत्काळ कळते. सेन्सर कर्नलच्या ड्रायव्हरने सगळ्यांत शेवटी जोडावा, कारण त्याचा पायथनशी संबंध नाही. सर्व चालू लागल्यावर ‘पिप फ्रीझ’ची यादी फाइलीत साठवावी, मात्र ‘लोकल’ पर्याय देऊन. अन्यथा ॲप्टची सगळी पॅकेजेही त्या यादीत उतरतात आणि ती दुसऱ्या बोर्डावर वापरता येत नाही.